एकसष्ट वर्षांची लेक

लाळ

दोन्ही नळ्या एकाच पाकिटातून गेल्या होत्या, त्यामुळे अदलाबदल झाली असणार असंच सगळे धरून चालले.

हेमांगी सबनीस, जन्मानं चौसष्ट. देहवय त्रेचाळीस.

ओवी सबनीस, जन्मानं अडतीस. देहवय एकसष्ट.

"मम्मी, नळीत थुंकताना चष्मा लावला होतास का?"

"थुंकायला चष्मा कशाला लागतो?"

"नळीवरचं नाव वाचायला! माझ्या नळीत थुंकलीस तू."

"मग तू कुणाच्या नळीत थुंकलीस? वाचता येतं ना तुला?"

पुन्हा तपासणी झाली. या वेळी मिरजेच्या केंद्रातून नर्स घरी आली. तिनं मायलेकींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, नळ्या स्वतःच्या हातानं बंद केल्या, चहा घेतला आणि गेली. आकडे आले ते तेच.

"असं होतं हो," नर्सनं फोनवर समजूत घातली. "परवा ब्राह्मणपुरीत सून सासूपेक्षा म्हातारी निघाली. सासूनं पेढे वाटले."

हेमांगी हसली. ओवी हसली नाही. ती आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि कुणा पाहुणीला न्याहाळावं तशी स्वतःला न्याहाळत राहिली.

पेशी

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच एक बटणांचा बोर्ड असतो. डोळ्याच्या पेशीत काही बटणं चालू असतात, यकृताच्या पेशीत दुसरी. कुठलं बंद ठेवायचं हे ठरवण्यात मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक तुकड्यांचा हात असतो. बटणावर चिकटपट्टी लावावी तसे ते डीएनएला चिकटतात. वर्षं जातात तशा काही पट्ट्या सुटतात, काही भलतीकडे लागतात. कुठे सुटल्या, कुठे लागल्या हे पाहिलं की शरीर किती वापरलं गेलंय ते कळतं. थुंकीतल्या पेशीसुद्धा ते सांगतात. जन्मतारीख विचारावी लागत नाही.

शास्त्रज्ञांना हे बरंच आधी माहीत होतं. सरकारांना त्याचा उपयोग नंतर सुचला.

पेन्शन म्हणजे कुठेतरी कणगीत साठवलेलं धान्य, असं लोकांना वाटायचं. तसं ते फारसं कुठे नव्हतं. आज काम करणाऱ्यांच्या ताटातला घास आजच्या म्हाताऱ्यांच्या ताटात पडायचा, आणि काम करणाऱ्यांना भरवसा असायचा की आपल्या वेळी दुसरं कुणीतरी असेल. मग ते दुसरं कुणीतरी जन्मायचंच कमी झालं. आधी जपानात आणि युरोपात, मग केरळात, मग आपल्याकडे. मिरजेतल्या बालवाड्या एकेक करून बंद पडल्या. हेमांगी जिथे शिकवायची त्या बालवाडीत शेवटच्या वर्षी तीन मुलं होती, आणि त्यांतली दोन जुळी होती.

म्हणून कायदा बदलला. निवृत्ती साठीलाच, पण साठी शरीराची. देहवय साठच्या वर गेलं की पेन्शन, मग माणूस पस्तिशीतला का असेना. साठच्या खाली असेल तर काम करा. दरवर्षी फेरतपासणी, आणि आकडा खाली उतरला तर पेन्शन बंद. खाणीत झिजलेल्याला लवकर विश्रांती, टेनिस खेळणाऱ्याला उशिरा. कायद्याच्या बाजूचे लोक हेच उदाहरण द्यायचे, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एक फट राहिली. पन्नाशीपुढच्या देहवयाला कंपन्या कामावर घेत नव्हत्या. पन्नास आणि साठच्या मध्ये सापडलेल्याला नोकरीही नाही, पेन्शनही नाही. त्या दहा वर्षांना लोक 'खिंड' म्हणायचे.

ओवीचं शरीर कुठे झिजलं हे शोधायला प्रयोगशाळा नको होती. बाविसाव्या वर्षापासून ती सांगलीच्या एका देखरेख केंद्रात रात्रपाळी करत होती. कॅनडात एखादी आजी न्हाणीघरात घसरली की सांगलीत ओवीच्या पडद्यावर लाल दिवा लागायचा. मग ओवी तिच्याशी बोलत राहायची. तिथली माणसं दार फोडून आत येईपर्यंत, घाबरू नका, मी आहे. पहाटे घरी यायची आणि खिडकीला जाड पडदा लावून पडून राहायची. त्या सोळा वर्षांत लग्न राहिलं. मूल राहिलं. आता या देहवयाला मूल नको, असं डॉक्टर म्हणाले.

केंद्रानं तिला हार घातला आणि घरी पाठवलं.

तोंडं

— सासू नव्हती ना, म्हणून राहिली तरुण.

— नवराही लवकर गेला.

— अगं, हळू बोल की. खिडकी उघडी आहे.

— बालवाडीत काय, दिवसभर गाणी म्हणायची. आपल्याला कुणी म्हणू दिली?

— पोरीकडे बघवत नाही. आईला कसं बघवतं कोण जाणे.

— परदेशात अर्ज केलाय म्हणे. फिनलंड.

— या वयात?

— कुठल्या वयात?

आणि जयसिंगपूरहून आत्याचा, म्हणजे ओवीच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचा फोन.

"हेमांगी, ओवीची साठीशांत करून घ्यायला हवी. गुरुजींना विचारलं मी. म्हणाले, देहवयाची चालते."

"ताई, अडतीस वर्षांच्या मुलीची साठीशांत? आणि तिला ओवाळायचं कुणी?"

"तू ओवाळ. तू लहानच आहेस की आता तिच्यापेक्षा."

हेमांगीनं फोन ठेवला. मग पुन्हा उचलून, बंद झालेल्या फोनमध्ये, जे बोलायचं होतं ते बोलली.

जीभ

फिनिश भाषेला पंधरा विभक्त्या आहेत. शाळेत आठ शिकताना हेमांगीला रडू आलं होतं. आता ती भाजी चिरताना पंधरा म्हणायची.

जाहिरात साधी होती: वृद्धांच्या देखभालीसाठी माणसं हवीत, अर्ज करताना देहवय पंचेचाळिसाच्या आत, जन्मतारखेची अट नाही. मुलाखत पडद्यावर झाली. पलीकडे ओउलू नावाच्या गावातली हान्नेले नावाची बाई, मध्ये दुभाषी यंत्र. बाई स्वतःच साठीची दिसत होती.

"तुम्हाला का यायचं आहे?"

"आधी मी विचारू का?" हेमांगी म्हणाली. "तुमच्याकडे मुलं जन्मत नाहीत म्हणून माणसं कमी पडली. मग तरुण जोडपी बोलवायची सोडून तुम्ही आज्या का बोलावताय?"

यंत्रानं भाषांतर केलं.

"जोडपी आली की मुलं येतात," ती म्हणाली. "मुलांना शाळा लागतात, वेगळ्या भाषेचे शिक्षक लागतात, आणि मग प्रत्येक निवडणुकीत त्यावरून भांडणं होतात. तुमच्यासारख्यांना वीस वर्षं काम करण्याइतकं शरीर असतं आणि मागून कुणी येत नाही. इथल्या लोकांना ते सोपं वाटतं."

"म्हणजे हात हवेत, घर नको."

"मी सरकार नाही," बाई म्हणाली. मग, जरा वेगळ्या आवाजात, "माझी आई आमच्या केंद्रात आहे. तिला झोप लागत नाही. औषधं देऊन झाली. तुम्ही बालवाडीत नेमकं काय करायचात?"

"सकाळी गाणी. दुपारी झोपवायचं. आमचं पाळणाघरही होतं."

"कसं झोपवायचात?"

हेमांगीनं पडद्यासमोरच्या टेबलावर तळहात ठेवला आणि हलके थोपटून दाखवलं. "असं, पाठीवर. ताल सांभाळायचा. आपण घाई केली की मूल जागं होतं."

पडद्यावरची बाई त्या हाताकडे बघत राहिली.

हेमांगीला जायचं होतं. पैशासाठी नाही असं म्हणणं खोटं ठरलं असतं. पैशासाठीच असं म्हणणं जास्त खोटं. आयुष्यात ती गोव्याच्या पलीकडे गेली नव्हती. जिना एका दमात चढणारे हे गुडघे देवानं, रसायनानं किंवा सासू नसण्यानं दिले असतील, पण दिले होते; आणि ते जयसिंगपूरच्या हळदीकुंकवाला नेऊन आणण्यात संपवायचे नव्हते. हे ती कुणाशी बोलली नाही. पण पोळ्या लाटताना शीळ घालू लागली.

पापण्या

निवृत्तीनंतर ओवी रात्री झोपू लागली. पहिले काही आठवडे जमलं नाही, मग जमलं. काही महिन्यांत डोळ्यांखालची काळी वर्तुळं विरली, गाल भरले, केसांना तेज आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं: काही पट्ट्या पुन्हा जागेवर येऊ शकतात. रात्रीची झोप, सकाळचं ऊन. दोन-तीन वर्षं उतरतील, कदाचित जास्त. खात्री नाही.

मग हेमांगीचा व्हिसा आला, आणि त्याच सुमारास ओवीची वर्तुळं परत आली.

एका सकाळी हेमांगी तिच्या खोलीत चादर बदलायला गेली. चादरीवर इस्त्रीच्या घड्या होत्या, मोडलेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही तशाच. "छान झोपले," ओवी म्हणाली. आणि रोज दुपारी ती कुठेतरी जायला लागली.

हेमांगी तिच्या मागोमाग गेली. मुलगी कॉलेजात असताना जे केलं नव्हतं ते आता केलं.

ओवी गेली ती हेमांगीच्या बंद पडलेल्या बालवाडीत. बाहेर नवा फलक होता: 'देहवय राखा वर्ग. फेरतपासणीची खात्रीशीर तयारी.' हेमांगीनं खिडकीतून पाहिलं. भिंतीवर अजून तिनंच रंगवलेलं अननस होतं, आगगाडी होती. इवल्याशा खुर्च्यांवर तिशी-चाळिशीतली माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती आणि म्हातारं राहायला शिकत होती.

"झोप आपली शत्रू," शिकवणारा सांगत होता. "तपासणीच्या आधीचे तीन महिने महत्त्वाचे. रात्रभर डोळ्यांवर पांढरा दिवा. दिवसा पडदे. हसू नका, गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलाच्या लग्नात आनंदानं चार दिवस गाढ झोपले. एकोणसाठ! पेन्शन गेलं."

वर्ग सुटला. सगळे गेले. ओवी उठली नाही; तिनं खिडकीत आईला पाहिलं होतं. हेमांगी आत आली आणि समोरच्या लहान खुर्चीवर बसली.

"हे कशासाठी?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"माझा आकडा उतरायला लागलाय, मम्मी. आरशात दिसतंय. साठच्या खाली गेला की पेन्शन बंद, आणि पन्नासच्या खाली तो काही जायचा नाही. म्हणजे मी खिंडीत. मी खिंडीत असताना तू विमानात बसशील? ओळखते मी तुला. 'मला काय करायचंय गं फिनलंड' म्हणशील आणि डबे करायला लागशील. आणि ती तुझी शीळ बंद होईल." ओवीनं डोळे चोळले. "म्हणून मी राहते म्हातारी. तू जा."

"आणि पुढच्या वर्षी बासष्ट होशील."

"होईन. मूल नाही, लग्न नाही. तरुण होऊन करायचंय काय?"

हेमांगी भिंतीवरच्या आगगाडीकडे बघत राहिली. खरं तर ओवी चुकीचं काहीच बोलली नव्हती. अगदी डब्यांपर्यंत. एका डब्याचा भाव काय लावायचा याचाही विचार हेमांगीनं क्षणभर केला होता, आत्ता, इथे बसल्या बसल्या.

"मी जाणार," ती म्हणाली.

ओवीनं मान वर केली.

"मी जाणार आणि तू झोपणार. दोन्ही. पेन्शन जाऊ दे. खिंडीत असशील तोवर मी पाठवीन."

"तू चौसष्टाव्या वर्षी तिकडच्या म्हाताऱ्यांचं सगळं करणार, कशाला? तर मला इथे झोपता यावं म्हणून?"

"सोळा वर्षं तू तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी जागलीस. आता आपल्या घरातलं कुणीतरी झोपलं तर काय बिघडलं?"

"मला नाही आवडणार ते."

"नको आवडू दे. मलाही तुझी रात्रपाळी आवडत नव्हती. कधी विचारलंस?"

ओवीला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचा तोल गेला. गेल्या कित्येक रात्रींचा. तिनं समोरच्या बुटक्या टेबलावर डोकं ठेवलं. हेमांगीनं खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटू लागली. घाई नाही.

शिकवणारा कुलूप घेऊन दारात आला. "बाई, या वर्गात झोपायला परवानगी नाही."

हेमांगीनं ओठांवर बोट ठेवलं. हात थांबला नाही. "तीस वर्षं याच खोलीत झोपवलीत मी," ती कुजबुजली. "अंगठे धरून उभं राहायचंय का तुम्हाला?"

तो कुलूप घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला.

तळहात

रिक्षा आली. दारात सामान. हेमांगी स्वयंपाकघरात गेली, दह्याची वाटी घेऊन आली आणि ओवीच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, तिच्या प्रत्येक परीक्षेला, पहिल्या रात्रपाळीला ठेवलं होतं तसं.

दोघी त्या दह्याकडे बघत राहिल्या.

"मम्मी, जाणारी तू आहेस."

हेमांगीला आधी आपली चूक उमगली. मग ती म्हणाली, "असू दे. खा. तुलाही लांबच जायचंय."

पाठ

हान्नेलेच्या आईचं नाव आइला. मिरजेत कुणाला या नावानं हाक मारली असती तर मारामारी झाली असती, म्हणून सुरुवातीला हेमांगीला तिच्याशी बोलताना गंभीर राहणं कठीण गेलं. आइलाबाई नव्वदीच्या, आणि खरंच झोपायच्या नाहीत. ओउलूत हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं. संध्याकाळी हेमांगी त्यांच्या खाटेवर बसायची, फोन उशाशी ठेवायची आणि पाठीवर थोपटायची. तिकडे मिरजेत रात्र झालेली असायची. ओवी अंधारात फोन कानाशी घेऊन पडलेली असायची आणि ब्लँकेटवर पडणाऱ्या हाताचा आवाज ऐकायची. आधी कोण झोपलं हे हेमांगीला श्वासावरून कळायचं. बहुतेक वेळा आइलाबाई. पुढे पुढे ओवी.

मग हेमांगी दिवे मंद करायची आणि रात्रीच्या फेरीला निघायची. तिथल्या लोकांना नको असलेल्या सगळ्या रात्रपाळ्या बाहेरून आलेल्यांकडे होत्या.

वर्ष गेलं. एका सकाळी ती पाळी संपवून खोलीवर आली आणि बूट काढत होती तेवढ्यात फोन वाजला.

"मम्मी, सरकारची चिठ्ठी आली. माझं पेन्शन बंद झालं."

हेमांगी एवढ्यानं ओरडली की शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो आजीनं भिंतीवर बुक्की मारली.

"किती? किती आलं?"

"अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न!" हेमांगी खाटेवर बसली. "ओव्या, अगं, अठ्ठावन्न!"

"आता नोकरी नाही, पेन्शन नाही, आणि आई पेढे वाटायच्या बेतात." पण ओवीचा आवाज हसत होता. मग तो बदलला. "तिकडेही दरवर्षी तपासतात ना? तुझं किती?"

हेमांगीनं एक बूट काढून दुसऱ्याशेजारी नीट लावला.

"शेहेचाळीस."

"तीन वाढली? वर्षात तीन?"

"रात्रपाळी. तुला सांगायला हवं होय?"

मिरजेकडून कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"परत ये," ओवी म्हणाली.

"येईन की. पण आत्ता कशाला? तू उतरतेयस, मी चढतेय. मधे कुठेतरी भेटू."

"थट्टा नकोय मला."

"थट्टा नाही. हिशेब करून बघ. एक दिवस तू आणि मी एका वयाच्या असू. जगात कुठल्या मायलेकींना जमलंय हे?"

"त्या दिवशी मी तुला हेमांगी म्हणून हाक मारणार."

"मारून तर बघ."

ओवी हसली नाही. तिनं विचारलं, "पाळी कधी संपली?"

"आत्ताच."

"पडदा ओढलास?"

"ओढते."

"नीट ओढ. खाली फट राहते, तिथे टॉवेल लाव. मला माहितीये ते. फोन उशाशी ठेव आणि आडवी हो."

"अगं, मी काय लहान..."

"शेहेचाळीसची आहेस. मी अठ्ठावन्न. ऐकायचं."

हेमांगीनं फटीला टॉवेल लावला आणि आडवी झाली. मिरजेत दुपार होत आली होती. ओवीनं फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, कुकर बंद केला, आणि फोनशेजारी तळहातानं थोपटू लागली. सुरुवातीला ताल चुकला. तिनं हात उचलला, थांबली, आणि पुन्हा सुरू केलं, सावकाश, अजिबात घाई न करता.